पैसे दिले, गेम आलाच नाही: क्राउडफंडिंगमध्ये वर्गणी टाकण्यापूर्वी करायचा हिशेब

२०१२ साली किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या, म्हणजे वस्तू बनण्याआधीच लोकांकडून वर्गणी गोळा करून देणाऱ्या, वेबसाइटवर दोन गेम पैसे मागायला उभे राहिले. पहिला ‘एफटीएल: फास्टर दॅन लाइट’. शांघायमधल्या एका मोठ्या स्टुडिओतली नोकरी सोडून दोघांनी तो बराचसा बनवत आणला होता. शेवटचा हात फिरवायला त्यांना १०,००० डॉलर हवे होते. जमले २ लाखांच्या वर, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गेम खेळायला मिळाला. दुसरा ‘क्लँग’. हातातल्या कंट्रोलरच्या हालचालीवर चालणारी तलवारबाजी, मागणी ५ लाख डॉलरची, जमले ५ लाख २६ हजार. पुढे उभे होते नील स्टीफन्सन, विज्ञानकथांचे नामवंत लेखक. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी प्रकल्प संपल्याचे जाहीर केले. बनवलेला नमुना तंत्र म्हणून नवा होता, पण खेळायला फारशी मजा येत नव्हती, असे त्यांनीच प्रांजळपणे लिहिले.

दोन्हीकडे लबाडी नव्हती. एकाकडे जवळजवळ तयार गेम होता आणि मागणी लहान होती. दुसऱ्याकडे कल्पना होती, आणि तिला लागणाऱ्या पैशांपुढे ५ लाख थोडेच होते. अशा मोहिमा गेली काही वर्षे मी पाहत आलो आहे, काहींत पैसेही घालवले आहेत. माझे मत असे झाले आहे की गेम चोरांमुळे बुडतो त्यापेक्षा कच्च्या हिशेबामुळे जास्त वेळा बुडतो. आणि तो हिशेब बहुतेक वेळा मोहिमेच्या पानावरच वाचता येतो. तो कसा वाचायचा, पैसे द्यायचेच ठरले तर कसे द्यायचे आणि बुडाले तर काय करायचे, ते आता क्रमाने पाहू.

पायरी १: आपण कोण आहोत ते आधी ठरवा

दुकानातून गेम घेतला की आपण ग्राहक असतो. कंपनीत पैसे घातले की भागीदार असतो. क्राउडफंडिंगमध्ये वर्गणी टाकणारा यांपैकी कोणीच नसतो. जोखीम मात्र दोघांची त्याच्याच माथी येते. गेम लाखोंनी खपला तरी तुमच्या वाट्याला एक प्रत आणि शेवटच्या नामावलीत हजार नावांच्या गर्दीत तुमचे नाव. नाही आला, तर तेही नाही.

किकस्टार्टर २००९ मध्ये सुरू झाले. २०१२ मध्ये मोठमोठ्या रकमांच्या मोहिमा आल्या, लोक आगाऊ खरेदी समजून पैसे टाकू लागले, आणि त्याच सप्टेंबरात किकस्टार्टरला ‘आम्ही दुकान नाही’ असे जाहीरपणे लिहावे लागले. त्यांच्या नियमांनुसार करार होतो तो निर्माता आणि बॅकर, म्हणजे वर्गणीदार, यांच्यात. किकस्टार्टर पैसे गोळा करून देते, त्याबद्दल ५ टक्के कापून घेते आणि बाजूला होते. गेम आला नाही म्हणून ते पैसे परत देत नाहीत.

मंच कोणता, यानेही फरक पडतो. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच कार्डावरून पैसे जातात. इंडीगोगो या दुसऱ्या मंचावर बरीच वर्षे ‘फ्लेक्सिबल फंडिंग’चा पर्याय होता: तो निवडणारा निर्माता लक्ष्याच्या दहाव्या हिश्शाइतकेच पैसे जमले तरी ते ठेवून घेऊ शकत असे. वरवर हे उदार वाटते, पण थोडा विचार करा: पूर्ण रकमेत जे काम होणार होते ते दहाव्या हिश्शात कसे होणार? गेमच्या बाबतीत असा पर्याय दिसला की मी पान तिथेच बंद करतो. ‘फिग’ नावाच्या मंचावर २०१५ पासून काही वर्षे वर्गणीबरोबर विक्रीतला वाटा घेण्याचीही सोय होती. ती खरी गुंतवणूक, आणि तिला गुंतवणुकीचेच नियम लावून पाहायला हवे. स्टुडिओ स्वतःच्या साइटवर थेट पैसे घेत असेल तर मंचाचे किमान नियमही लागू नसतात. तिथे फक्त स्टुडिओने लिहिलेल्या अटी, आणि त्या बदलण्याची मुभा बहुधा त्यांनीच स्वतःकडे ठेवलेली.

पायरी २: कागद घ्या, भागाकार करा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. व्हिडिओ, संगीत, रंगवलेली चित्रे थोडी बाजूला ठेवून पानावरून तीन आकडे शोधा: किती पैसे मागितले आहेत, किती माणसे काम करणार आहेत, किती महिन्यांत गेम देणार आहेत.

समजा मागणी ३ लाख डॉलरची आहे, टीम ८ जणांची, मुदत १८ महिन्यांची. मंचाचे ५ टक्के आणि पैसे वळते करण्याचे ३ ते ५ टक्के असे धरून सुमारे १० टक्के गेले: उरले २ लाख ७० हजार. टी-शर्ट, पोस्टर, चित्रांचे पुस्तक, त्यांची छपाई आणि टपालखर्च मिळून ३० हजार धरू. उरले २ लाख ४० हजार. आठ जणांत वाटले तर माणशी ३० हजार, म्हणजे १८ महिने दरमहा १,६६७ डॉलर. यातूनच पगार, कर, जागा, संगणक, सॉफ्टवेअर, संगीतकार, आवाज देणारे कलाकार आणि चाचणी. अमेरिकेतल्या स्टुडिओत एका माणसाचा सगळा खर्च महिन्याला १०,००० डॉलर धरण्याची ढोबळ रीत आहे. तिने पाहिले तर हे पैसे आठ जणांना तीन महिने पुरतात. पंधरा महिने कोरडेच.

असा आकडा निघाला म्हणून मोहीम खोटी ठरत नाही. त्याचा अर्थ इतकाच की बाकीचे पैसे दुसरीकडून यायला हवेत: प्रकाशक, स्वतःची बचत, आधीच्या गेमची कमाई, किंवा बिनपगारी काम करण्याची तयारी. कुठून, ते पानावर लिहिले आहे का? लॅरियन स्टुडिओने २०१३ मध्ये ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’साठी ४ लाख डॉलर मागितले तेव्हा गेमवर काम आधीच चालू होते, वर्गणी तो अधिक भरगच्च करायला होती. त्यांना ९ लाख ४४ हजार मिळाले आणि जून २०१४ मध्ये गेम आला. उलट, पानावर उत्तर नसेल तर प्रश्न विचारा. ‘उरलेला खर्च कसा भागवणार?’ या एका साध्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून, किंवा न मिळणाऱ्या उत्तरावरून, बरेच कळते.

पैसे जास्त जमले म्हणजे धोका टळला असेही नाही. डबल फाइन या स्टुडिओचा अनुभव प्रसिद्ध आहे. स्टुडिओचे प्रमुख टिम शेफर यांनी २०१२ मध्ये मागितले ४ लाख डॉलर: ३ लाख गेमला, १ लाख तो बनताना चित्रित करायच्या माहितीपटाला. ८७ हजारांवर लोकांनी ३३ लाख दिले. मागणीच्या आठपट! गेम ऑक्टोबर २०१२ पर्यंत द्यायचा होता. पण पैसे आठपट आले तशी गेमची कल्पनाही फुगली, आणि जुलै २०१३ मध्ये शेफर यांना लिहावे लागले की ठरवलेला गेम पूर्ण करायला हे पैसे पुरणार नाहीत. मग त्याचे दोन भाग केले. ‘ब्रोकन एज’चा पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आला. अनुभवी माणसे, गेम उत्तम, पैसे भरपूर, तरीही अडीच वर्षांचा उशीर. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण अंथरूण अचानक आठपट झाले की पाय किती पसरायचे हे भल्याभल्यांना कळत नाही.

पायरी ३: चेहरा कोणाचा, हात कोणाचे

मोहिमेच्या व्हिडिओत बोलणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणारी व्यक्ती एकच आहे का, हे पाहा. ‘योगव्हेंचर्स’ला २०१२ मध्ये साडेपाच लाख डॉलरहून जास्त मिळाले, मागितले होते अडीच लाख. लोकांनी पैसे दिले ते योगकास्ट या लोकप्रिय यूट्यूब मंडळींकडे पाहून. गेम बनवणार होता विंटरक्यूल नावाचा छोटा, नवखा स्टुडिओ. जुलै २०१४ मध्ये प्रकल्प बंद झाला. नंतर स्टुडिओप्रमुखाने केलेल्या खुलाशात एक तपशील होता: एका चित्रकाराला आगाऊ ३५,००० डॉलर दिले गेले आणि दोनच आठवड्यांत तो मोठ्या कंपनीत निघून गेला, पैसे परत घेण्याची तजवीज करारात नव्हती. वर्गणीदारांना शेवटी भरपाई म्हणून भलत्याच एका गेमची प्रत मिळाली.

मोठे नावही ढाल ठरत नाही. नामवंत गेम-निर्माते पीटर मॉलिन्यू तीन दशकांचा अनुभव घेऊन ‘गॉडस’ साठी उभे राहिले, डिसेंबर २०१२ मध्ये ५ लाख २६ हजार पौंड जमले. तो गेम अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि अर्धवटच राहिला; २०२३ च्या अखेरीस स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून तो काढून टाकला गेला. म्हणून नावाऐवजी याच टीमने, याच आकाराचा गेम, स्वतःच्या हिमतीवर आधी पूर्ण करून विकला आहे का, हे शोधा. मोठ्या कंपनीत शंभर जणांच्या हाताखाली राबवलेला गेम आणि सहा जणांनी रेटून नेलेला गेम ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

आधीची मोहीम पूर्ण न करता दुसरी मांडणाऱ्यांपासून लांब राहा. जपानी गेम-निर्माते केइजी इनाफुने यांच्या कंपनीने ‘मायटी नं. ९’ बॅकरांच्या हाती पडण्यापूर्वीच जुलै २०१५ मध्ये ‘रेड ॲश’साठी ८ लाख डॉलर मागितले. ती मोहीम पडली. लोकांचे शहाणपण त्या वेळी दिसले.

पायरी ४: खेळता येणारे काहीतरी मागा

चित्रे कोणीही काढून घेते. आधीच बनवलेला ऍनिमेशनचा व्हिडिओही पैसे टाकले की मिळतो. खेळता येणारा डेमो मात्र बनवावाच लागतो. डेमो नसेल तर निदान दहा मिनिटांचा सलग, न कापलेला खेळ पाहायला मागा: मेन्यू उघडतो, पात्र चालते, चुकते, मरते, पुन्हा सुरू होते. कॅमेरा सतत फिरतो आहे आणि प्रत्येक दृश्य पाच सेकंदांत बदलते आहे असे दिसले तर समजा, दाखवण्यासारखे तेवढेच होते. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

जाता जाता एक गंमत. कोलेको कॅमेलिऑन या कन्सोलचा, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राचा, नमुना म्हणून २०१६ मध्ये पारदर्शक खोक्याचा फोटो प्रसिद्ध झाला. जुन्या हार्डवेअरच्या जाणकारांनी तो मोठा करून पाहिला, तर आतले सर्किट म्हणजे व्हिडिओ कॅप्चर करायचे जुने कार्ड निघाले! मोहीम सुरू होण्याआधीच गुंडाळली गेली आणि मार्चमध्ये ‘कोलेको’ या नावाच्या मालक कंपनीने आपले नाव काढून घेतले. पैसे वाचले ते कोणीतरी फोटो नीट पाहिला म्हणून.

पायरी ५: स्ट्रेच गोलची यादी उलटी वाचा

‘अजून ५० हजार जमले तर नवा प्रदेश, १ लाख जमले तर ऑनलाइन लढाई, २ लाख जमले तर आणखी दोन कन्सोल.’ लक्ष्याहून जास्त पैसे जमल्यास द्यायच्या अशा जादा वचनांना स्ट्रेच गोल म्हणतात. बॅकराला हे बक्षीस वाटते. निर्मात्यासाठी ते कर्ज असते, कारण नव्या कामाची किंमत मोहिमेच्या धामधुमीत अंदाजाने ठरवलेली असते.

‘मायटी नं. ९’ पाहा. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर ३८ लाख डॉलर, बाहेरचे धरून ४० लाखांवर. स्ट्रेच गोलमध्ये कन्सोलांची रांग वाढत गेली. एप्रिल २०१५ चा वायदा जून २०१६ मध्ये कसाबसा पाळला गेला, गेमवर टीकेची झोड उठली, आणि हातात धरून खेळायच्या ३डीएस आणि व्हिटा या यंत्रांवरच्या आवृत्त्या कधी आल्याच नाहीत. ज्यांनी त्या यंत्रांसाठी पैसे दिले त्यांच्या दृष्टीने गेम आलाच नाही.

प्रामाणिक लोकांनाही हे ओझे किती जड जाते याचे माझे आवडते उदाहरण ‘शॉव्हल नाइट’. ७५ हजार मागून ३ लाख ११ हजार मिळाले, गेम जून २०१४ मध्ये आला, गाजला. पण स्ट्रेच गोलमध्ये कबूल केलेले गेमचे जादा भाग पुरे व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला. साडेपाच वर्षे! त्यांना ते परवडले, कारण मूळ गेम विकून पैसे येत होते. तो खपला नसता तर? ‘हॉलो नाइट’च्या मोहिमेतली हॉर्नेट या पात्राची जादा भर तर फुगून स्वतंत्र गेम झाली, ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला, मूळ मोहिमेनंतर जवळजवळ ११ वर्षांनी.

त्यामुळे यादी शेवटापासून वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘हे काम किती महिन्यांचे’ असे मनात लिहा. ऑनलाइन बहुखेळाडू, कन्सोलची प्रत्येक नवी आवृत्ती आणि खेळाडूंना स्वतः नकाशे बनवू देणारी साधने या तीन गोष्टी सर्वांत जास्त गिळतात. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ऑनलाइन लढाई घुसली की मी तरी मागे सरतो. ‘एमएमओ’ म्हणजे हजारोंनी एकाच वेळी खेळायचे जग लहान टीम बनवणार असेल, तर ती तर धोक्याची सर्वांत वरची पायरी. ‘क्रॉनिकल्स ऑफ इलिरिया’ला २०१६ मध्ये किकस्टार्टरवर साडेतेरा लाख डॉलर मिळाले, पुढे गेममधल्या पदव्या आणि जमिनी आगाऊ विकून एकूण आकडा ८० लाखांच्या जवळ गेला. मार्च २०२० मध्ये स्टुडिओने कर्मचाऱ्यांना काढल्याचे आणि काम थांबवल्याचे जाहीर केले. अस्तित्वात नसलेल्या राज्याचे राजे, सरदार तसेच राहिले.

पायरी ६: किती आणि कसे द्यायचे

रक्कम ठरवताना एकच कसोटी: उद्या हे पैसे रस्त्यात पडले असते तर चरफडून विसरून गेलो असतो का? उत्तर ‘हो’ असेल तेवढेच द्या. गेमची डिजिटल प्रत मिळणारी सर्वांत खालची पातळी निवडा. वरच्या पातळ्यांतल्या मूर्ती, नकाशे, चामडी बांधणीची पुस्तके यांवर गेमचेच पैसे खर्च होतात.

यंत्राच्या बाबतीत सावध राहा. पीसीवर गेम आधी येतो, कन्सोलच्या आवृत्त्या आधी गळतात. दुकानही बदलू शकते: स्टीमवर मिळेल म्हणून पैसे घेतलेले ‘फिनिक्स पॉइंट’ आणि ‘शेनमू ३’ २०१९ मध्ये काही काळापुरते एपिकच्या दुकानात गेले, बॅकर संतापले, आणि नाराजांना पैसे परत द्यावे लागले. ‘शेनमू ३’ला ६९ हजार लोकांनी ६३ लाख डॉलर दिलेले होते, एवढ्या मोठ्या जमावाचा आवाज ऐकला जातो. तीनशे बॅकरांच्या मोहिमेत तशी खात्री धरू नका.

किकस्टार्टरवर मोहीम संपेपर्यंत वर्गणी मागे घेता येते. फक्त शेवटच्या २४ तासांत, तुमच्या माघारीने रक्कम लक्ष्याखाली जात असेल तर नाही. म्हणून पहिल्या दिवशीच्या उत्साहात वर्गणी टाकली असेल तर संपायच्या दोन दिवस आधीची आठवण लावून ठेवा आणि त्या दिवशी पान पुन्हा नव्याने वाचा. तोवर प्रश्नोत्तरे झालेली असतात, स्ट्रेच गोल वाढलेले असतात. मी माझ्या जवळजवळ निम्म्या वर्गण्या याच टप्प्यावर मागे घेतल्या आहेत.

पैसे गेल्यावर मोहिमेचे पान, वर्गणीची पातळी, वायद्याची तारीख, पावतीचा मेल, स्टुडिओच्या साइटवरच्या अटी, सगळ्यांच्या पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये ठेवा. बुडालेल्या स्टुडिओची साइट सर्वांत आधी नाहीशी होते. अटी बदलतात हेही ध्यानात ठेवा. ‘स्टार सिटिझन’ २०१२ मध्ये २१ लाख डॉलर घेऊन नोव्हेंबर २०१४ च्या वायद्याने निघाला. पुढे थेट साइटवर जहाजे विकत २०२२ मध्ये त्याने ५० कोटींचा टप्पा ओलांडला. तो खेळता येतो, म्हणून त्याला बुडालेला म्हणता येत नाही. पूर्ण झालेलाही म्हणता येत नाही. मध्येच अटी बदलल्या, आणि एक बॅकर ४,५०० डॉलर परत मागायला अमेरिकेच्या लघुवाद न्यायालयात गेला तेव्हा, २०१८ मध्ये, वाद लवादाकडे नेण्याच्या अटीवर त्याचा दावा अडला. ती अट कोणत्या तारखेपासून, कोणत्या वर्गणीला लागू, असा काथ्याकूट करावा लागला तर तुमच्याकडे जुना मजकूर हवा.

पायरी ७: अपडेट कसे वाचायचे

उशीर हे बुडण्याचे लक्षण नव्हे. अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूल या व्यवस्थापन संस्थेचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांच्या अभ्यासात किकस्टार्टरवरच्या यशस्वी मोहिमांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त मोहिमा वायद्यापेक्षा उशिरा पुऱ्या झाल्या. त्यांच्याच २०१५ च्या पाहणीत बॅकरांच्या हाती काहीच न पडलेल्या मोहिमा सुमारे ९ टक्के निघाल्या. हे आकडे फक्त गेमच्या मोहिमांचे नव्हेत.

मग काय पाहायचे? निर्माता बॅकरांना कामाची खबर म्हणून पाठवतो त्या अपडेटमध्ये गेम दिसतो का. एक-दीड वर्ष उलटल्यावरही नव्या चित्रांचे, संगीताच्या तुकड्यांचे आणि टी-शर्टांचेच अपडेट येत असतील तर आत काम अडले आहे. मुख्य प्रोग्रॅमर गेला आणि ते तुम्हाला बाहेरून कळले, हे वाईट. ‘आम्ही इंजिन (गेम ज्यावर उभा असतो ते मूळ सॉफ्टवेअर) बदलतो आहोत’ हे वाक्य आले की वायद्यात किमान एक वर्ष मिळवा. पैसे संपल्याचे प्रामाणिकपणे सांगणारे अपडेट मला उलट आशादायक वाटते. शेफर यांनी तेच केले होते, आणि गेम आला.

सर्वांत वाईट म्हणजे शांतता. ‘द स्टॉम्पिंग लँड’ या डायनासोरच्या गेमला २०१३ मध्ये २० हजार मागून १ लाख १४ हजार डॉलर मिळाले. तो अपुराच स्टीमवर विकला गेला, मग निर्माता बोलेनासा झाला, आणि २०१४ मध्ये स्टीमने विक्री थांबवली. तीन महिने कसलीच हालचाल नसेल तर पुढची पायरी तेव्हाच उचला, वाट पाहू नका.

पायरी ८: बुडालाच तर

इथे माझी चूक सांगतो. मी पैसे दिलेल्या एका गेमचे अपडेट हळूहळू विरळ होत गेले. माणसे भली वाटत होती, म्हणून थांबलो. वायद्याला दोन वर्षे उलटल्यावर कार्डवाल्या बँकेकडे गेलो, तर तक्रारीची मुदत केव्हाच संपली होती. बैल गेला आणि झोपा केला.

चार्जबॅकची, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवण्याची मुदत महिन्यांत मोजली जाते आणि गेम वर्षांत बनतो. म्हणून वायद्याची तारीख उलटली की लगेच बँकेला विचारा: मुदत पैसे गेल्या दिवसापासून मोजता की वस्तू मिळायच्या दिवसापासून? दुसरे उत्तर मिळाले तर तुमच्या हातात थोडे दिवस आहेत. क्राउडफंडिंग ही खरेदी नव्हे असे म्हणून बँक नकारही देऊ शकते, पण अर्ज करायला काही जात नाही.

त्याच वेळी निर्मात्याला लेखी कळवा. शिवीगाळ नको; त्याने उत्तर येत नाही, आणि खचलेल्या माणसांना छळण्यात कसला पराक्रम? किकस्टार्टरच्या नियमांत अशा वेळी निर्मात्याने काय करायचे ते लिहिले आहे: काय काम झाले, पैसे कसे खर्च झाले आणि घोडे कुठे अडले याचा खुलासा करायचा, आणि शिल्लक असलेले पैसे वर्गणीच्या प्रमाणात परत द्यायची तयारी दाखवायची. तुमच्या पत्रात नेमके हेच मागा: खर्चाचा तपशील आणि शिल्लक रक्कम. ‘माझे सगळे पैसे परत द्या’ याला ‘नाहीत’ हे उत्तर तयार असते. ‘हिशेब दाखवा’ याला तेवढे सोपे उत्तर नसते.

खुलासा समाधानकारक असेल आणि पैसे खरोखर गेमवरच संपले असतील तर विषय तिथे सोडा. पैसे भलतीकडे गेल्याचा पुरावा असेल तर सरकारी ग्राहक यंत्रणेकडे जा. अमेरिकेतली दोन प्रकरणे या बाबतीत दिशा दाखवतात, दोन्ही व्हिडिओ गेमची नसली तरी. वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी, २०१४ मध्ये पत्त्यांचा कॅट न देणाऱ्या एका कंपनीवर दावा लावला; पुढच्या वर्षी निकाल लागला तो एकूण ५४,८५१ डॉलरचा, पण त्यातले परताव्याचे फक्त ६६८, तेही त्या राज्यातल्या ३१ बॅकरांना. बाकी दंड आणि खर्च. दुसरे प्रकरण २०१५ मधले, केंद्रीय व्यापार आयोगाचे. एका बोर्ड गेमसाठी १,२४६ लोकांनी १ लाख २२ हजार डॉलर दिले होते आणि निर्मात्याने त्यातून घरभाडे भरले, दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवले. त्याच्यावर १ लाख ११ हजारांची भरपाई बसली. ती स्थगितही झाली, कारण द्यायला त्याच्याकडे काही नव्हते.

यातून अपेक्षा किती ठेवायची ते कळते. तक्रारीने पुढच्या वेळी त्याच माणसाला पैसे मागणे अवघड होते. आपले पैसे क्वचितच येतात. कंपनीने दिवाळे काढले असेल तर कर, पगार आणि तारण ठेवून दिलेली कर्जे आधी. वर्गणीदार रांगेत अगदी शेवटी.

कधी कधी प्रकल्प दुसऱ्या कंपनीकडे जातो. ‘अनसंग स्टोरी’ला २०१४ मध्ये ६ लाख ६० हजार डॉलर मिळाले, मूळ कंपनीला जमले नाही, २०१७ मध्ये लिटल ऑर्बिटने तो हातात घेतला आणि जुन्या बॅकरांचे देणे पाळण्याचे कबूल केले. असे झाले तर नव्या मालकाकडे आपली वर्गणी नोंदलेली आहे याची खात्री करून घ्या. जुना मेल पत्ता बंद केला असेल तर कळवा. त्या पीडीएफच्या फोल्डरचा उपयोग तेव्हा होतो.

आणि वर्गणी न टाकताही

आवडलेल्या मोहिमेला पैसे देणे हा एकच पाठिंबा नव्हे. गेम स्टीमच्या विशलिस्टवर टाका, डेमो खेळा, त्यातल्या चुका नीट लिहून कळवा, चार जणांना सांगा. मोहिमेच्या पानावर खर्चाचा प्रश्न विचारलात तर ते उत्तर इतर हजार जण वाचतात. गेम आला की घ्या. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, आणि हा नियम अर्ली ॲक्सेसमधल्या अपुऱ्या गेमलाही लागू आहे. मी सध्या वर्षाला दोनच वर्गण्या टाकतो, दोन्ही डेमो खेळून झाल्यावर. यंदाची एक टाकून झाली आहे. दुसरीच्या पानावर भागाकार केला, माणशी महिना ९०० डॉलर निघाला, आणि उरलेले कुठून आणणार असे विचारून ठेवले आहे. अजून उत्तर नाही.